वाफ धरत नाही

पाणी आटायला लागलं तशी दवाखान्यातली एकेक वस्तू कुरकुरायला लागली. आधी बोअरची मोटार जळाली. ती सिस्टरच्या नवऱ्यानंच काढून नेली आणि तारा नव्यानं गुंडाळून परत बसवली. मग वॉर्डातल्या नळाला पाण्याऐवजी नुसती हवा यायला लागली. आणि एका दुपारी ऑपरेशनच्या खोलीशेजारचं वाफेचं मशीन कोरडंच तापत राहिलं. कापडं, कापसाचे बोळे, औजारं सगळं त्यातच निर्जंतुक व्हायचं. शिपाई आप्पांनी बादलीच्या तळाशी होतं तेवढं पाणी त्यात ओतलं, बटण दाबलं आणि ते कुणाचं तरी स्ट्रेचर ओढायला गेले. परत आले तोवर जळक्या रबराचा वास पार फाटकापर्यंत पोचला होता.

तेव्हापासून मशीन चालायचं, पण वाफ धरायचं नाही. झाकणाच्या कडेनं फुसफुसत बसायचं. दाबाचा काटा अर्ध्यावर जाऊन थरथरायचा, पुढं जायचं नाव नाही. कापडं ज्या डब्यात भरतात त्या ड्रमवर एक पट्टी चिकटवतात. वाफ पुरेशी मुरली की पट्टीवरच्या फिक्या रेषा काळ्याभोर होतात. आता त्या जेमतेम करड्या व्हायच्या. ड्रम उघडला की आतलं कापड ओलसर लागायचं, आणि वास यायचा तो बंद पेटीतल्या कपड्यांचा.

तिला सगळं गाव सिस्टरच म्हणायचं. सासूबाईसुद्धा एरवी सूनबाई म्हणत, पण रागावल्या की त्यांच्या तोंडीही 'सिस्टर' यायचं. बाळंतपणाचा वॉर्ड तिच्याकडे होता आणि ऑपरेशनची खोलीही. दुसरी नर्स रजेवर गेली ती गेलीच, तिच्या जागी कुणी आलं नव्हतं. त्यामुळे सिस्टर सकाळी आली की चपला कुठं काढल्या हे तिला संध्याकाळीच आठवायचं.

वीटभट्टीवरच्या एका पोरीचं सिझेरियन झालं होतं. पहिलंच बाळंतपण. घरी सोडायच्या आदल्या सकाळी सिस्टरनं पट्टी काढली आणि तिचा हात तिथंच थांबला. टाक्यांच्या दोन्ही बाजू लाल, तटतटलेल्या. जरा दाबलं तर मधून पू आला. पोरगी छताकडे बघत होती. दुखतंय का विचारलं तर म्हणाली, भट्टीवर यापेक्षा जास्त दुखतं. सिस्टरनं जखम धुतली, भरली, बांधली. दुपारी ताप चढला. शेजारच्या खाटेवरच्या शाळामास्तरांच्या बायकोच्या टाक्यांतूनही पाणी झिरपायला लागलं होतं.

ती डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर जेवत होते, म्हणजे डबा उघडा होता आणि ते एका म्हाताऱ्याचा एक्सरे खिडकीच्या उजेडात धरून बघत होते. सिस्टरनं मशीनबद्दल सांगितलं. पहिल्यांदा सांगत नव्हती ती. डॉक्टरांनी एक्सरे खाली ठेवला.

"मला दिसत नाही असं वाटतं का तुम्हाला?" ते म्हणाले. "पट्ट्या मीही बघतो. वर सांगून सांगून जीभ झिजली. उद्या मी खोली बंद केली, तर अडलेली बाई जाईल कुठं? रस्त्यात बाळंत होईल. तोवर औजारं उकळून घ्या."

"औजारं उकळते मी. कापड कसं उकळू? ओलं कापड उघड्या पोटावर ठेवायचं का?"

डॉक्टरांनी डब्याचं झाकण लावलं. माणूस वाईट नव्हता. एकटा होता, आणि एकटेपणानं मऊ झाला होता, कुणी दाबलं की खड्डा पडायचा. भट्टीवरच्या पोरीला त्यांनी त्याच दिवशी शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. स्वतः गाडीच्या मागं उभं राहून सलाइन नीट लटकवलं. बाळ आजीच्या मांडीवर होतं.

घरी वेगळीच धांदल होती. नणंद आली होती, तीन पोरांसकट. तिचा नवरा दूर बांधकामावर होता, पेरणीला परत यायचा होता. त्याच्या आत तिला मूल बंद करण्याचं ऑपरेशन उरकून घ्यायचं होतं. दवाखान्यात त्याचं शिबिर लागणार होतं. आजूबाजूच्या सगळ्याच बायांचा हिशोब तोच. पेरणी सुरू झाली की आजारी पडायलाही सवड नसते. नणंद तोंडाची तिखट, हाताची चपळ. आल्या आल्या तिनं माठ घासले, सासूबाईंच्या केसांतला गुंता काढला आणि वहिनीला सुनावलं, की तुझ्या दवाखान्यात तुझा वशिला चालत नसेल तर काय उपयोग, मला पहिल्या नंबरला घे.

त्या दिवसांत पाणी आणायला लांबच्या विहिरीवर जावं लागे. सिस्टर कामावर जायच्या आधी दोन खेपा करायची, आल्यावर एक. नणंद बरोबर असायची. चढावर दोघी थांबायच्या, घागर कमरेवरून काढायच्या नाहीत, कारण एकदा काढली की परत उचलणं जिवावर येतं. तशाच एका चढावर सिस्टर म्हणाली, वन्सं, हे ऑपरेशन थोडं पुढं ढकलता येईल का? नणंदेनं कारण विचारलं. सिस्टरनं मशीनचं आणि पट्टी काळी होत नाही त्याचं सांगितलं. नणंद हसली. म्हणाली, आमच्याकडे सुईण विळ्यानं नाळ कापायची, आम्ही मेलो का?

"काही मेली," सिस्टर म्हणाली. पण नणंद तोवर चार पावलं पुढं गेली होती.

सुट्टीच्या दिवशी तिनं नवऱ्याला मशीन दाखवायला नेलं. त्याचे हात कायम ग्रीसनं काळे, बोलणं कमी. त्यानं झाकण उघडलं, कडेचं रबर अंगठ्यानं दाबलं. ते वाळल्या चिखलासारखं तुटून हातात आलं. मग काट्यावर टिचकी मारली. काटा उगाच दचकला आणि परत पडला. मग खाली बसून त्यानं आतली बाजू चाचपली.

"रबर कापून बसवीन मी," तो म्हणाला. "पण काटाही खोटं बोलतोय आणि आतलं तापायचं कॉइलही अर्धं गेलंय. वाफ थांबलेली दिसेल. आत काय होतंय ते मला नाही सांगता येणार. माझ्या भरवशावर तू कुणाचं पोट उघडू देशील का?"

ती नाही म्हणाली. मग नको, म्हणाला, आणि हात पुसून घरी निघाला.  त्याला काम अर्धवट सोडायची सवय नव्हती.

भट्टीवरच्या पोरीची आई एका सकाळी दवाखान्यात आली. सिस्टरला वाटलं, बाळाला दाखवायला आणलं असेल. पण बाई एकटीच होती. गाडीत घाई झाली तेव्हा एक चादर राहिली होती, ती न्यायला आली होती. सिस्टरनं पोरगी कशी आहे विचारलं. बाई म्हणाली, ती गेली. विष सगळ्या अंगात पसरलं म्हणाले. तिनं हे असं सांगितलं, जसं कुणी गाडी सुटल्याचं सांगावं. सिस्टरनं चादर शोधून काढली, धुऊन ठेवली होती, घडी करून दिली. बाईनं घडी मोडून चादर उलगडून पाहिली, आपलीच आहे ना म्हणून, आणि परत तशीच घडी घालून काखेत धरली. बाळ वरच्या दुधावर आहे, एवढं ती जाताना बोलली.

दवाखान्याच्या लेखी त्या पोरीचं काही वाईट झालं नव्हतं. इथून ती जिवंत गेली होती. मेली ती दुसरीकडे.

महिन्याची बैठक आरोग्य खात्याच्या मोठ्या साहेबांच्या हॉलमध्ये असायची. तिथं पंखे जोरात फिरत, कागद उडू नयेत म्हणून सगळे हात टेबलावर ठेवून बसत. सगळं आकड्यांवर चाले. शिबिरात किती बाया करणार, मागच्या वर्षी किती केल्या. शेवटी साहेबांनी कुणाला काही अडचण आहे का विचारलं. उंबऱ्यातून निघालेल्या पाहुण्याला 'बसा ना' म्हणतात, तसं. सिस्टर उभी राहिली.

उभी राहीपर्यंत आपण उभं राहणार आहोत हे तिलाही माहीत नव्हतं. तिनं मशीनचं सांगितलं, चिघळलेल्या टाक्यांचं सांगितलं, भट्टीवरच्या पोरीचं सांगितलं.  शिबिराआधी मशीन दुरुस्त व्हावं, नाहीतर शिबिर पुढं ढकलावं, असं ती म्हणाली.

साहेबांनी डॉक्टरांना विचारलं, मशीन चालतं का. डॉक्टर टेबलाकडे बघत म्हणाले, "चालतं, साहेब. थोडी दुरुस्ती निघालीय."

"चालतं, पण वाफ धरत नाही," सिस्टर म्हणाली.

साहेब खुर्चीत मागं रेलले. "सिस्टर, आमच्या घरचा कुकरसुद्धा कडेनं वाफ सोडतो. म्हणून आम्ही उपाशी राहत नाही."

हॉल हसला. मोठं नाही, जेवढं साहेबांच्या विनोदाला हसावं लागतं तेवढंच. तिला बसा कुणी म्हणालं नाही, म्हणून ती थोडा वेळ उभीच राहिली. मग बसली. परतीच्या बसमध्ये शेजारच्या गावची नर्स, एरवी तिच्या डब्यातलं हक्कानं खाणारी, तिच्याशेजारची जागा सोडून पुढं जाऊन बसली. सिस्टरला तिचा राग आला नाही. राग यायला अंगात जोर लागतो.

शिबिराच्या दिवशी सकाळी नणंद तिच्याबरोबरच निघाली. पोटात अन्न नाही, पाणी नाही, म्हणून चिडचिडलेली. पोरांना सासूबाईंकडे ठेवलं होतं. धाकटं रस्त्याच्या वळणापर्यंत रडत मागं आलं. दवाखान्याच्या ओसरीवर बाया आधीच येऊन बसल्या होत्या, भिंतीला पाठ लावून, सोबतीला कुणाची आई, कुणाची सासू. ऊन ओसरीच्या पायरीपर्यंत आलं होतं आणि सगळ्या हळूहळू भिंतीकडे सरकत होत्या.

सिस्टरनं ऑपरेशनची खोली उघडली. टेबलावर ड्रम ओळीनं मांडलेले. त्यांच्यावरच्या पट्ट्या काळ्याभोर.

क्षणभर तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. वाटलं, कुणीतरी ऐकलं, काल येऊन मशीन नीट करून गेलं. तिनं पट्टीवरून बोट फिरवलं. कड उचललेली होती, खाली कागदाचा धागा आणि धूळ चिकटलेली. पट्टी स्वतःच्या डिंकावर नाही, खळीवर बसली होती. जुन्या ड्रमांवरच्या, मशीन चांगलं असतानाच्या पट्ट्या सोडवून कुणीतरी इथं लावल्या होत्या.

आप्पा दारात उभे होते. तिनं काही विचारलं नाही, तरी ते म्हणाले, "मला सांगितलं तसं मी केलं. कुणी सांगितलं ते विचारू नका. माझी थोडीच वर्षं उरलीत, बाई."

डॉक्टर हात धुऊन आत आले, कोपरापासून पाणी गळत होतं. सिस्टरनं त्यांना एक पट्टी काढून दाखवली. त्यांनी ती पाहिली आणि नजर वळवली. त्या नजर वळवण्यातून तिला कळलं, की त्यांना हे आधीपासून ठाऊक होतं, किंवा ठाऊक करून घ्यायचं नव्हतं, आणि या दोन्हींत आज फरक उरला नव्हता.

"सुरू करू या," ते हळू आवाजात म्हणाले. "संध्याकाळपर्यंत आकडा कळवायचा आहे. औजारं उकळलीत ना तुम्ही?"

सिस्टर ड्रमांपाशी गेली. पहिल्याचं झाकण उघडलं आणि हातमोजा न घालता, उघडा हात कोपरापर्यंत आत घातला. कापड ओलं होतं. ते तिनं वर काढून टेबलावर टाकलं. मग दुसरा ड्रम. मग तिसरा. घाई नव्हती, जणू घरी वाळत घालायचे कपडे काढत होती. आप्पा 'अहो बाई' म्हणत एक पाऊल पुढं आले आणि थांबले. सगळे ड्रम उघडे पडले, प्रत्येकात तिचा हात फिरला. आता पट्टी काळी असो की गोरी, या कापडानं ऑपरेशन करा असं मोठे साहेबही म्हणू शकले नसते.

"तुम्ही काय केलंत ते कळतंय ना?" डॉक्टर म्हणाले.

"कळतंय."

डॉक्टरांनी डोक्यावरची टोपी काढली आणि ते स्टुलावर बसले. ती त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधत होती. सापडला नाही. दिवसभर उन्हात चालून सावलीला टेकलेल्या माणसासारखे ते दिसत होते. मात्र बाहेर जाऊन बायांना सांगायला ते उठले नाहीत. ते तिलाच करावं लागलं.

आज ऑपरेशनं होणार नाहीत, तिनं ओसरीवर सांगितलं. कापडं नीट निर्जंतुक झालेली नाहीत, ड्रमवरच्या काळ्या पट्ट्या जुन्या, वरून चिकटवलेल्या आहेत, पोटात पू होईल, जीव जाईल. बायांना त्यातलं 'होणार नाहीत' एवढंच ऐकू आलं. घसा कोरडा ठेवून त्यांनी पाहिलेली वाट फुकट गेली होती. कुणी मजुरी बुडवून आली होती, कुणी नवऱ्याशी भांडून. एक म्हातारी सुनेला हाताला धरून उठवत म्हणाली, सरकारी माणसाला काम नको असलं की मशीन बिघडतं. आणि जाता जाता सिस्टरच्या पायापाशी थुंकली.

मग नणंद उभी राहिली. तिचे ओठ वाळून पांढरे झाले होते.

"घरातच वैरीण निघाली," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "तो आठ दिवसांत येईल, वहिनी. मला परत दिवस गेले तर ते पोर तू वाढवणार का?"

 सिस्टर आत गेली, आप्पांकडून पाण्याची घागर घेतली आणि पेल्यानं एकेकीला पाणी द्यायला लागली. काहींनी घेतलं. नणंदेनं तोंड फिरवलं, उन्हातच पायऱ्या उतरली आणि त्याच दुपारी पोरांना घेऊन आपल्या घरी गेली. सासूबाईंनी सुनेचं ताट वाढून झाकून ठेवलं होतं. ते सरकवताना एवढंच म्हणाल्या, "जेवा, सिस्टर."

पुढं जे व्हायचं ते झालं. बेशिस्तीचा ठपका आला, मग बदली आली. वाळल्या नदीपलीकडच्या वस्तीवर एक खोली होती, तिथं. ना वॉर्ड, ना खाटा. खांद्यावर लशींची थंड पेटी घ्यायची आणि वाड्यावस्त्या फिरायच्या. नदीच्या वाळूत पाय घोट्यापर्यंत रुतायचे, पेटीचा पट्टा खांद्याला काचायचा. संध्याकाळी घरी आली की नवरा खांद्यावरच्या वळावर खोबरेल तेल लावायचा, त्याच्या खरबरीत अंगठ्यानं. दवाखान्याच्या मोटारी आता दुसऱ्या कारागिराकडे जात होत्या. तिनं ते त्याला बोलून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "मोटारी जळायच्या थांबतात होय? दुसरीकडच्या येतील." आणि खरंच काही आल्या. सगळ्या नाही.

पेरण्या झाल्यावर एकदा डॉक्टरांची गाडी तिच्याजवळ येऊन थांबली. त्यांनी काच खाली केली. नवीन मशीन बसवलंय, म्हणाले, मोठं आहे, चांगलं चालतं. शिबिरही झालं, सगळ्या बाया सुखरूप. शहरातल्या दवाखान्यानं भट्टीवरच्या पोरीबद्दल विचारणा केली होती, त्यानंतर वरच्यांनी हालचाल केली. सिस्टरला बरं वाटलं, आणि ते वाटणं चेहऱ्यावर आणायचा तिला कंटाळा आला.

"तुमची बदली माझ्या हातात नव्हती," डॉक्टर म्हणाले.

"सही तुमची होती."

त्यांनी मान हलवली. कुठवर जायचंय, सोडू का, असं विचारलं. तिनं समोरची वस्ती दाखवली. तिथं गाडी जात नव्हती.

नणंदेचा इकडे निरोप नव्हता. सिस्टरचा नवरा एकदा तिच्याकडे जाऊन आला, तेव्हा ती त्याच्याशी बोलली, पण वहिनीचं नाव निघालं की उठून जायची. मग एका रविवारी दुपारी ती अचानक दारात उभी राहिली. पोटावर हात धरून, पावलं जपून टाकत. बरोबर तिचा नवरा होता, त्याच्या कडेवर धाकटं. दिवस गेले नव्हते. नवऱ्यानं तिला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेऊन ऑपरेशन करून आणलं होतं. घरी जायच्या वाटेवर विसाव्याला उतरले, असं ती आईला म्हणाली. वहिनीकडे तिनं पाहिलं नाही.

सासूबाईंनी उशी दिली. सिस्टरनं न विचारता तिची पट्टी उघडून पाहिली. टाका कोरडा होता, स्वच्छ, कडा जुळलेल्या. तिनं पट्टी परत बसवली आणि हात धुवायला उठली.

"तुझ्यामुळे मला तिथं बोलणी खावी लागली," नणंद भिंतीकडे बघत म्हणाली.

"माझ्यामुळे?"

"मला टेबलावर घेतलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की आधी ती ड्रमवरची पट्टी दाखवा. काळी झालीय का बघू द्या. आणि वरून चिकटवलेली नाही ना, तेही बघू द्या." ती थांबली. "तिथली नर्स एवढी भडकली. म्हणाली, तू कोण मोठी डॉक्टरीण लागून गेलीस? सगळे हसायला लागले. मी कपडे बदलून उघडी पडलेली, आणि सगळे हसतायत."

सिस्टर ओले हात तसेच धरून उभी राहिली.

"मग?" तिनं विचारलं.

"मग काय. मी उठून बसले. म्हटलं, दाखवल्याशिवाय आडवी होणार नाही." नणंदेनं कूस बदलली, कळ आली तशी डोळे मिटले. "दाखवली. आदळआपट करत दाखवली, पण दाखवली."